मामांच्या मापाचा मोर्चा

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी इंफाळला घातलेला वेढा माझ्या मामांनी एकट्यानं उठवला, हे मी पुण्यात इतक्या ठिकाणी सांगितलंय की आता ते जवळपास खरं झालंय. गणपतीच्या मांडवात सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, स्वारगेटला एसटीची वाट बघणाऱ्या पूर्ण अनोळखी माणसांना सांगितलं आणि त्यांतल्या एकाची सांगली गाडी त्यापायी चुकली. माझ्या सांगण्यात चारी बाजूंच्या डोंगरांवर जपानी बसलेले असत, खाली खोऱ्यात आपली अख्खी फौज शहर राखत कोंडलेली असे, रस्ते तुटलेले, आणि आभाळातून विमानं रसद आणत: आटा, डाळ, तुपाचे डबे, जिवंत बोकड. बोकड विमानानं येत, हे खरं आहे. ते छत्री उघडून उतरत आणि उतरल्याबरोबर सुभेदाराला सलाम ठोकत, हे माझं. मी खोटं बोलत नाही. पाहुणे वाढले की आमटीत घालतात तेवढंच पाणी खऱ्यात घालतो.

मामांनी स्वतः मला त्या वेढ्याबद्दल सांगितलेलं वाक्य एकच. "आमी तितं व्हतो. पाऊस लई व्हता." बाकीचा सगळा वेढा मी त्या पावसावर पिकवला.

फौजेतून आल्यावर मामा मार्केट यार्डात तोलणार झाले. कांद्या-बटाट्याचं पोतं काट्यावर चढायचं, मामा वजन बोलायचे, आणि दिवसभरात तेवढंच बोलायचे. घरी आल्यावर तेही नाही. गुलटेकडीला, यार्डाच्या मागच्या अंगाला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. मी लोणी काळभोरहून शिकायला म्हणून त्यांच्याकडे आलो आणि शिकून झालं तरी उठलो नाही. स्वारगेटजवळ एका जिन्याखाली कॉम्प्युटरचा क्लास काढला. वाघोलीकडची, नुकत्याच जमिनी विकलेल्या घरांतली पोरं बुलेटवर बसून येत आणि 'सर, अमेरिकेला जायचं तर कुठलं बटण दाबायचं' असं विचारत. त्या साली सगळ्या जगाला एक भीती लागली होती. वर्ष बदललं की कॉम्प्युटरांना तारीख कळेनाशी होणार, विमानं खाली येणार, बँका आंधळ्या होणार. वाय-टू-के म्हणत त्या भीतीला. मी ती तिखटमीठ लावून विकत होतो आणि क्लास भरलेला होता.

मग उन्हाळ्यात कारगिलच्या डोंगरांवर लढाई लागली, आणि आमच्या घरात एक अशी भीती येऊन बसली की ती मला विकता येईना.

मामांचा मुलगा तिकडं होता. चार मुलींच्या पाठीवर, मामांचे केस पिकल्यावर झालेला. तो फौजेत भरती झाला तेव्हा मामा काही बोलले नाहीत, आणि ते कधीच काही बोलत नसल्यामुळे ते नाराज होते की खूश हे कुणाला कळलं नाही. एरवी तो महिन्यातून एकदोनदा यार्डाच्या फाटकाजवळच्या एसटीडी बूथवर फोन करायचा. लढाईची बातमी आली आणि फोन थांबला.

तो बूथ चालवणारे गृहस्थ पेठेतून उठून गुलटेकडीला आले होते आणि त्याचा राग त्यांच्या बोलण्यात होता. कुणाचा फोन आला तर ते बूथच्या दारातून हाक मारत. स्वतः उठून कुणाच्या घरी जात नसत. म्हणून एका दुपारी ते आमच्या गल्लीत शिरलेले दिसले तेव्हा एकेका दारात एकेक बाई येऊन उभी राहिली. नळावर हंडा भरून वाहत होता, पण तो उचलायला कुणी पुढं होईना. मामी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. मामा आत सुपारी कातरत होते. मी टेकून बसलो होतो त्या भिंतीला माझी पाठ चिकटली. ती भिंत पाडल्याशिवाय मला सोडवता आलं नसतं, इतकी.

"घाबरू नका," बूथवाले दारातून म्हणाले. "घाबरण्यासारखं असतं तर मी आलो नसतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतं."

मामी सूप धरून तशीच बसली.

"सीमेवरून फोन होता. बोलणारा हिंदी होता आणि घाईत होता. आपले चिरंजीव मोर्च्यावर आहेत. तूर्त फोन करता येणार नाही. बाकी ठीक."

"कशावर हाय?" मामीनं विचारलं.

"मोर्च्यावर. मी त्याला पुन्हा विचारलं. 'मोर्चे पे है' म्हणाला, आणि ठेवला. आता लष्करातसुद्धा मोर्चे निघायला लागले असतील तर आपण काय बोलणार."

ते गेले. मामीनं सूप खाली ठेवलं आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हसली.

तिचं हसणं समजायचं तर मार्केट यार्डाजवळ राहिलेलं असावं लागतं. आमच्याकडे मोर्चा म्हणजे हमालांचा. सकाळी फाटकापाशी जमायचं, झेंडे घ्यायचे, घोषणा देत लक्ष्मी रस्त्यावरून किंवा कॅम्पातून साहेबाच्या कचेरीपर्यंत जायचं, तिथं झाडाखाली बसायचं, भाषण ऐकायचं, वडापाव खायचा आणि दिवेलागणीला घरी. मामी स्वतः एकदा हमालांच्या बायकांबरोबर गेली होती आणि येताना कॅम्पातून कप-बश्या घेऊन आली होती. मोर्च्याला गेलेला माणूस परत येतो, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

"बरं झालं बया," ती म्हणाली. "मोर्च्यात हाय म्हंजी बंदूक हातात न्हाई. कशासाठी काढला आसंल रं?"

आता मला असा प्रश्न विचारणं म्हणजे उताराला लागलेल्या गाडीला धक्का देणं. मी लगेच सांगितलं की बुटांसाठी. बर्फातले बूट फाटतात, म्हणून सगळ्या जवानांनी मिळून काढलाय. पुढं झेंडा, मागं बँड. जनरलसाहेब स्वतः निवेदन घ्यायला बंगल्याच्या पायऱ्या उतरून आले. मामी म्हणाली, चांगला मानूस दिसतोय. मी म्हणालो, आपल्या साताऱ्याकडचाच आहे.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आतला अडकित्त्याचा आवाज थांबलाय.

मामा उठले, चपला घातल्या आणि माझ्याकडं न बघता बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. ते यार्डाच्या कुंपणाशी थांबले. पलीकडं ट्रकमधून बटाट्याची पोती उतरत होती, धूळ उडत होती.

"मोर्चा म्हंजी काय, ठावं हाय का तुला?" ते म्हणाले.

मी म्हणालो, मोर्चा म्हणजे मोर्चा.

"फौजेत मोर्चा म्हंजी खड्डा. पुढला. त्याच्या म्होरं आपला मानूस नसतो."

त्यांनी कुंपण हातानं धरलं. "मोर्चे पे है म्हणला नव्हं? मोर्च्यातच हाय त्यो. तिला सांगू नगंस."

आपल्या बखरींमध्येही मोर्चे आहेत, हे मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. किल्ल्याला मोर्चे लावतात, मोर्चे बांधतात, मोर्च्यावर माणसं पडतात. शाळेत मीच ते वाचून दाखवलं होतं, हातवारे करून. पुण्यानं तो शब्द खंदकातून उचलला, हातात झेंडा दिला आणि रस्त्यावर आणला. मोर्चेबांधणी म्हटलं तर आम्हाला निवडणूक आठवते. आमच्या घरात तीन माणसं होती आणि त्या शब्दातला खड्डा फक्त एकाला दिसला. आता दोघांना दिसत होता. मी दुपारच्या उन्हात उभा होतो आणि माझ्या पायांखालून थंड लागत होतं.

तिथून पुढचे दिवस मी मोर्चा चालवला. असा मोर्चा जगाच्या पाठीवर कुठं निघाला नसेल. मामी सकाळी चहा देताना विचारायची, "सुटला का रं मोर्चा?" आणि मी सांगायचो की वाटाघाटी चालू आहेत. बूट कबूल झाले, पण मोजे अडलेत. मोजे कबूल झाले, तर आता पोरं म्हणतात गरम जिलबी पाहिजे.

"उन्हात बसल्यात का सावलीला?"

"तिथं बर्फ आहे मामी."

"बर्फात मोर्चा काढत्यात. येडी मानसं."

घरातला टीव्ही मी आधीच आजारी पाडला होता. मागची एक वायर काढून खिशात टाकली आणि मामीला सांगितलं, वाय-टू-के. वेळेच्या आधीच लागलाय, गुलटेकडीत सगळीकडं साथ आहे. तिनं टीव्हीवर फडकं टाकलं, जसं पिंजऱ्यावर टाकतात. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळं वर्तमानपत्राची धास्ती नव्हती. पण वर्तमानपत्रात फोटो येत. पहिल्या पानावर गणवेशातले फोटो, खाली गाव आणि तालुका. ते पान मी जिन्यात उभा राहून बघायचो. आधी डोळे बारीक करून, मग एक डोळा मिटून, मग बोटांच्या फटीतून. आपला नाही असं दिसलं की जो श्वास सुटायचा त्यानं जिन्यातली जळमटं हलायची. आणि लगेच लाज वाटायची, कारण फोटोत कुणीतरी असायचंच.

बूथवाल्यांचं तर मला स्वप्न पडायचं बाकी होतं. ते बिचारे चहा घ्यायला म्हणून बूथच्या बाहेर आले तरी माझं काळीज गुलटेकडीवरून उडी मारून थेट स्वारगेटच्या डेपोत जाऊन पडे, आणि तिथून ते वेचून आणेपर्यंत चहा संपलेला असे. एकदा ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले, वाकले आणि चपलेतला खडा काढून परत गेले. मी त्यांना जाऊन म्हणालो, काका, असं करत जाऊ नका.

"खडा ठेवून चालत जाऊ का?" ते म्हणाले. मग माझ्याकडं जरा बघून म्हणाले, "यापुढं तिकडून वळतो."

मामा काहीच करत नव्हते. यार्डातून निवृत्त झालेले, तरी सकाळी उठून कुंपणापाशी जात आणि दुसऱ्यांची वजनं ऐकत उभे राहत. जेवताना त्यांची नजर ताटात असे. फक्त एक झालं होतं. ते भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसेनासे झाले होते.

एक दिवस मी आणि मामी सातारा रस्त्यानं येत होतो. तिच्या हातात मेथीची जुडी, माझ्या हातात पिशव्या. समोर रस्ता थांबलेला. रिक्षावाले उतरून उभे. दुतर्फा माणसं, आणि पुण्यात मी कधी ऐकली नाही अशी शांतता. इतकी शांतता की सिग्नल बदलल्याचा खट् असा आवाज आला. लष्कराचा ट्रक येत होता, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. झेंडूनं मढवलेला.

"कुणाचा मोर्चा रं ह्यो?" मामीनं विचारलं.

मला दुसरं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर तोंड चालवून जगलो आणि तिथं तोंडात जो शब्द आयता होता तोच निघाला. "मूक मोर्चा आहे, मामी."

ट्रक समोरून गेला. वर तिरंगा होता, आणि त्याच्याखाली काय आहे ते कळायला वाचता यावं लागत नाही. मागून एक बाई चालली होती. दोघींनी तिला दोन्हीकडून धरलं होतं आणि तिची एक चप्पल पायातून निघून मागं राहिली होती, ते तिला ठाऊक नव्हतं. मामी पुढं झाली. ती चप्पल उचलली, पदरानं पुसली, आणि तिला द्यावी की न द्यावी हे न कळून तशीच हातात धरून उभी राहिली. गर्दी पुढं गेली. मामीनं ती चप्पल रस्त्याच्या कडेला, पायरीवर, नीट ठेवली.

आम्ही घरी आलो. दार उघडताना मामी एवढंच म्हणाली, "मूक मोर्च्याला फुलं असत्यात व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तिनं मोर्चा सुटला का हे विचारलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी आपणहून जिलबीची मागणी मान्य झाल्याचं सांगितलं. तिनं मान हलवली आणि स्टोव्ह बारीक केला.

मग एका संध्याकाळी, भाकऱ्या झाल्यावर, हात पुसत ती येऊन माझ्यासमोर बसली. मामा त्यांच्या भिंतीपाशी होते.

"तू समद्या पुण्याला ह्यांच्या वेढ्याची गोष्ट सांगत हिंडतोस," ती म्हणाली. "मला कदी सांगितली न्हाईस. सांग."

मी मामांकडं पाहिलं. ते मान खाली घालून सुपारी कातरत होते. मला वाटलं, चला, बाईचं मन दुसरीकडं जाईल. मी मांडी ठोकली आणि सुरू झालो. डोंगर उभे केले, जपानी चढवले. विमानं आणली, बोकड उतरवले. मामी बोकडांना हसली. त्या हसण्यानं मला जोर चढला. पाऊस आणला. असा पाऊस की बंदुकीच्या नळीत बेडूक. एकीकडं मी सावध होतो. तो एक शब्द टाळत होतो, खंदक म्हणत होतो, चर म्हणत होतो, खड्डा म्हणत होतो. पण गोष्ट धावायला लागली की सांगणाऱ्याच्या हातात कासरा राहत नाही. जपानी शेवटचा हल्ला करून येतायत, अंधार, वीज, आणि मी हात उंचावून म्हणालो, "आणि मामा एकटे, मोर्च्यात, छातीपर्यंत पाण्यात बसलेले, आणि..."

तिथंच थांबलो.

स्टोव्हवरच्या पातेल्यात पाणी उकळत होतं. मामीनं उठून ते उतरवलं नाही.

"मोर्च्यात बसत्यात," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मग माझ्याकडं पाठ करून मामांकडं वळली. "अवं. ह्यो बोलत्योय त्यातलं खरं किती, ते मला नगं. तुमी सांगा. मोर्च्यात काय करत्यात?"

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं, ते उठून कुंपणापाशी जाणार. तसे ते अर्धे उठलेही. मग परत बसले.

"खणत्यात," ते म्हणाले.

"आन् मंग?"

"मंग काय न्हाई. खणायचं. गोळा यायला लागला की बसायचं, थांबला की खणायचं. शहर राखत व्हतो म्हणत्यात. शहर म्या कदी बघितलंबी न्हाई. तेवढा खड्डा बघितला." ते थांबले. बोलायची सवय नसलेल्या माणसाला वाक्यावाक्याला दम लागतो. "पाऊस पडला की कडा ढासळायच्या. वर पानी, खाली चिखल. खांद्यापत्तूर गेला की मानूस वाचतो. छातीपत्तूर ऱ्हायला तर न्हाई."

"तुमी किती खणला व्हता?"

"खांद्यापत्तूर. माज्या."

त्यांनी 'माज्या' म्हटलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की मामा किती बुटके आहेत. मी त्यांना एवढा उंच करून ठेवला होता की प्रत्यक्षातली उंची मी विसरलो होतो.

"जोडीदार व्हता एक," मामा म्हणाले. "खानदेशातला. ताडमाड. दोघांत एक मोर्चा. त्याच्या हाताला फोड आलं व्हतं, म्हणून शेवटचं सगळं म्याच खणलं. माज्या खांद्यापत्तूर झालं आन् म्या म्हणलं, बास. त्योबी म्हणला, बास. माज्या मापाचा झाला व्हता. त्याच्या छातीपत्तूरच येत व्हता. हे दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाई."

 पाणी आटून पातेलं करपायला लागलं तेव्हा मी उठून स्टोव्ह बंद केला. परत आलो तर मामी तशीच बसलेली. तिचा हात हवेत उंचावलेला होता, कपाळाच्याही वर, एखाद्याच्या डोक्यावर हात ठेवतात तसा, आणि ती त्या हाताकडं बघत होती.

"आपला माज्या बापावर गेलाय," ती म्हणाली. "त्याला दारातनं वाकून यावं लागतं. अवं, त्याचा मोर्चा कुनी खणला आसंल?"

मामांनी अडकित्ता उचलून परत खाली ठेवला. माझ्याकडची उत्तरं सगळी खोटी होती.

आता भीतीला आकार आला होता. आधी ती नुसती सगळीकडं पसरलेली होती, डोंगरभर. आता ती एका खड्ड्याच्या काठापासून त्याच्या डोक्यापर्यंतच्या अंतरात बसली होती. मामी स्वयंपाक करता करता थांबायची आणि भिंतीवर कुठंतरी बघायची, मला ठाऊक असायचं ती काय मोजतेय. रस्त्यानं उंच पोरगा गेला की त्याच्याकडं बघत राहायची. क्लासात माझ्यासमोर वाघोलीची धिप्पाड पोरं बसायची आणि मी फळ्यावर लिहिता लिहिता त्यांना मनातल्या मनात वाका म्हणायचो. ती ताठ बसायची. एकाला तर मी मोठ्यानं म्हणालो, खाली बस. तो बसलेलाच होता.

फोन आला तो सकाळी, यार्डात लिलाव चालू असताना. बूथवाले पळत आले. पेठेतला माणूस पळताना मी तेवढा एकदाच पाहिला. गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत होते, "बोलतोय, बोलतोय, स्वतः बोलतोय," म्हणजे ते येईपर्यंत कुणी मरायला नको. मामी अनवाणी धावली. मामा तिच्या मागून, आणि मी सगळ्यांच्या पुढं, हे सांगायला नकोच.

बूथच्या काचेच्या पेटीत एकच माणूस मावायचा. मामी आत, आम्ही दार उघडं धरून. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. बायका अशा वेळी कसा आहेस विचारतात, जेवलास का विचारतात. तिनं विचारलं, "तुजा मोर्चा तुज्या मापाचा हाय का?"

पलीकडून तो 'काय' म्हणाला असणार.

"मोर्चा. मोर्चा. किती खोल हाय? डोकं वर येतंय का तुजं?"

यार्डातला लिलाव तिच्या आवाजापुढं फिका पडला. रांगेत उभे असलेले दोन व्यापारी मागं सरले. ती ऐकत होती आणि आम्हाला एकेक वाक्य देत होती, आमच्याकडं न बघता. खाली आणलंय म्हणतोय, एका दिवसासाठी. आज परत वर जायचंय. तिथंच. "खणता येत न्हाई म्हणतोय. समदा दगुड हाय."

मामांनी पुढं होऊन काचेवर हात ठेवला. "दगुड रचत्यात का विचार."

"दगुड रचल्यात का रं? कुठपत्तूर?" ती ऐकत राहिली. मग मामांकडं वळली. "गळ्यापत्तूर म्हणतोय."

"बसून का हुबं राहून?"

"बसून का हुबं... हॅलो. आरं, हॅलो."

तिनं रिसीव्हर कानापासून काढून त्याच्याकडं बघितलं.

मामांनी तो तिच्या हातातून घेतला. आयुष्यात फक्त वजनं बोललेला तो माणूस, त्यानं छाती भरून घेतली आणि त्या बंद पडलेल्या फोनमध्ये असा ओरडला की यार्डातली कबुतरं उठली. मी वाढवून सांगत नाही, कबुतरं खरंच उठली. "आजून एक थर लाव. ऐकतुयास का? आजून एक थर. वाकून ऱ्हा." मग पुन्हा तेच. मग पुन्हा.

रांगेतला एक व्यापारी म्हणाला, "अहो, लाइन गेलीय त्यांची."

"मला दिसतंय," बूथवाले त्याला म्हणाले. "बोलू द्या."

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते मी इतर ठिकाणी फार रंगवून सांगतो. इथं नको. लढाई थांबली. टीव्हीची वायर मी परत जोडली आणि मामीला सांगितलं की साथ ओसरली. तिनं फडकं काढलं नाही.

तो दिवाळीच्या आधी आला. दारातून वाकून आत शिरला. काळा पडलेला, उजव्या कानानं कमी ऐकू येत होतं, बाकी धड. मामीनं त्याला ओवाळलं, जेवायला बसवलं. मामा समोर, भिंतीला पाठ लावून. मी त्याला इकडचं सगळं सांगत होतो, बुटांचा मोर्चा, जनरलसाहेब, जिलबी, आणि तो खोऽखो हसत होता. मग बूथवरचा प्रसंग सांगितला. म्हणालो, मामांचा आवाज तुला फोनशिवायसुद्धा ऐकू गेला असेल.

"कुठला आवाज?" तो म्हणाला. "आईचं गळ्यापर्यंतचं ऐकलं, मग कट झालं."

"मग थर?" मामीनं विचारलं. तिच्या हातात वाढायची पळी होती.

"कसला थर?"

"आजून एक दगडाचा. लावलास का न्हाई?"

"न्हाई. तसाच होता की. गळ्यापर्यंतच." आणि तो परत जेवायला लागला.

मामी पळी धरून त्याच्याकडं बघत राहिली. तो समोर बसून भात कालवत होता, घरात दिवे लागलेले होते, आणि ती त्या सगळ्या आठवड्यांच्या भीतीला, तो थर लागला आहे असं समजून जी तिनं कशीबशी सोसली होती, त्या भीतीला आता पहिल्यापासून सुरुवात करत होती. पळी तिनं पातेल्यात टाकली. त्याच्या मागं जाऊन उभी राहिली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली दाबला.

"आई, जेवतोय ना," तो म्हणाला.

"वाक," ती म्हणाली.

त्यानं मामांकडं पाहिलं. मामांनी नुसती मान हलवली. तो वाकला आणि तसाच, ताटावर मान घालून, जेवत राहिला.